मी सांगेपर्यंत

म्हातारे डॉक्टर माझ्या दुकानात आले ते वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांच्या बायकोनं पुडकं काउंटरवर ठेवलं, चष्मा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "साधीशीच फ्रेम करा हं. त्यांना भपका आवडायचा नाही." कुणाला, ते मला आधी कळलंच नाही. दोरा सोडला, कागद उलगडला, तर डॉक्टर माझ्याकडे बघतायत. तोच चेहरा, डावी बाजू हसणारी आणि उजवी तपासणारी. "गेले?" मी विचारलं. "महिना होऊन गेला. आम्ही मुलीकडेच होतो ना राहायला, इकडे कुणाला कळवणंच झालं नाही." अशा वेळी माणूस काहीतरी बरं बोलतो. अरेरे, हाताला गुण होता हो, असं काहीतरी. माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "मग आता माझ्या गोळीचं काय?" बाई बघतच राहिल्या. मला तर जीभ चावावीशी वाटली. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची चौकशी करायचे हो. शेवटी शेवटी कुणाचं नाव आठवेना, नातवंडांचं नाही, माझं नाही. पण फ्रेमवाला गोळी घेतो ना, एवढं मात्र विचारायचे. मी म्हणायचे, घेतो. मग शांत व्हायचे." शनिवारी न्यायला येते म्हणाल्या आणि पायरी उतरून गेल्या. दुकानात डॉक्टर आणि मी, दोघंच उरलो.

गोळी म्हणजे रक्त पातळ करायची. मसुराएवढी, गुलाबी, मधोमध रेघ. मागे एकदा मी माळ्यावरून शिडीसकट खाली आलो होतो. घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी फुगून टम्म. पावलात माझी सपातही जाईना. शेवटी उजव्या पायात माझी आणि डाव्या पायात शेजाऱ्याची, त्याचं पाऊल म्हणजे होडी, अशा दोन तऱ्हेच्या सपाता घालून मी खुरडत दवाखान्यात गेलो. बायको हसत होती. मीही हसत होतो. डॉक्टर हसले नाहीत. ते आमच्या घरचे डॉक्टर, मला चड्डीत असल्यापासून ओळखणारे, एरवी माझी टिंगल केल्याशिवाय नाडीला हात लावायचे नाहीत. त्या दिवशी ते माझ्या पायांकडे बघत राहिले. सुजेकडे नाही, त्या सपातांकडे. मग घसा साफ करून म्हणाले, "चालू नकोस. आहेस तिथं बस." पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. मग हॉस्पिटल, पोटात टोचायच्या सुया, आणि घरी आलो तेव्हा ही गोळी. किती दिवस घ्यायची, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मी सांगेपर्यंत." म्हणजे किती? "सांगितलं ना, मी सांगेपर्यंत बंद करायची नाही." पुढं वर्षं उलटली, माझे केस गेले, त्यांचे हात थरथरायला लागले, दवाखाना धाकट्या डॉक्टरकडे सोपवून ते मुलीच्या गावी गेले. जायच्या आधीही मी विचारलं होतं. तेव्हाही त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं, आणि तेच सांगितलं.

या गोळीनं माझं काय केलं ते ज्याचं त्यालाच कळतं. दाढी करताना ब्लेड लागलं की तासभर कापूस धरून बसा. दारात दंड आपटला तर जांभळा, मग हिरवा, मग पिवळा डाग, पंधरा दिवस पुरतो. दाढ काढायला गेलो तर दातांच्या डॉक्टरनं मला खुर्चीवरून अलगद उठवून बाहेर पोचवलं. दर महिन्याला रक्त तपासायचं, पातळी खाली आली तर डॉक्टर घाबरणार, वर गेली तर बायको. आणि या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे काच. मी फ्रेमवाला. माझे बाबाही फ्रेमवाले. मिसरूड फुटायच्या आधीपासून माझ्या हातात काच कापायची हिरकणी होती. काटकोनाचा गुण्या लावायचा, हिरकणी एकदाच फिरवायची, न थांबता, न गिरवता, आणि टेबलाच्या कडेवर काच टेकवून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबायची. कट्. त्या आवाजासाठी मी हा धंदा करतो असं म्हटलं तरी चालेल. गोळी सुरू झाली आणि बायकोनं हिरकणी उचलून कपाटात कुठंतरी घातली. तेव्हापासून मी मापं लिहून समोरच्या काचवाल्याकडे पाठवतो आणि कापलेली काच परत येते. फ्रेमवाल्यानं काच दुसऱ्याकडून कापून आणायची, म्हणजे काय उरलं? पट्ट्या जोडा, खिळे मारा, गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारा. काचवाला चांगला आहे, पण दर वेळी काच देताना "सांभाळून हं काका" म्हणतो. एक दिवस त्याच्या टाळक्यात घालणार आहे मी ती काच.

डॉक्टरांचा फोटो मी टेबलावर उताणा ठेवला, तोंड माझ्याकडे. हा बाबांचा नियम. माणसाचा फोटो पालथा ठेवायचा नाही, काच बसेपर्यंत तो आपल्याला बघत असला पाहिजे, म्हणजे आपण कामात लबाडी करत नाही. लहानपणी मला याची भीती वाटायची, अनोळखी म्हातारे, लग्नातल्या बायका, सगळे टेबलावरून माझ्यावर नजर ठेवून. मोठेपणी सवय झाली. पण डॉक्टरांची होईना. पट्टी शोधायला वळलो की मानेवर जाणवायचं, ही उजवी बाजू तपासतेय. आणि मनात एकच वाक्य घोळत राहिलं. मी सांगेपर्यंत. अहो पण तुम्ही गेलात. तुम्ही आता सांगणार कसे? म्हणजे मी कधीच बंद करायची नाही? एक माणूस जाताना दिवा मालवायचा विसरला म्हणून जन्मभर तो जळत ठेवायचा? त्या दिवशी दुकान बंद करून मागं घरात जाताना बोळात मला तो आवाज आला. हा आवाज माझा जुनाच आहे. लहानपणापासून, झोप लागता लागता किंवा ताप चढला की येणारा. चटक, फटक. चटक, फटक. एक हलका, एक जड. नळ गळतोय म्हणून मी किती वेळा उठलोय, खिडकीची झडप म्हणून किती वेळा खिट्टी लावलीय. ऐकू आला की मी पांघरूण ओढून घेतो, का ते ठाऊक नाही. मी थांबलो, तर तो थांबला.

घरात धाकटी बहीण आली होती. आम्ही तिला बबी म्हणतो, पन्नाशीला टेकली तरी बबीच. दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्या मुलीला सहावा लागलाय आणि त्या आनंदात बबी जमिनीपासून वीतभर वर चालते. "डॉक्टर गेले," मी सांगितलं. "अगंबाई," म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी. मग जरा वेळानं, "दादा, आईचा तो एकटीचा फोटो आहे ना, त्याची एक लहान फ्रेम कर. पोरीला खोलीत लावायचाय. आजीचा आशीर्वाद असू दे." मी हो म्हटलं. "फ्रेमवाल्याचं घर," बबी बायकोला म्हणाली, "गावभर फोटो लागलेत यांनी केलेले, आणि आईबरोबर माझा एक फोटो नाही बघ. माझ्यासोबत अडीच वर्षं होती ती, एक नाही." बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि भांडी विसळायला घेतली. "रीळ खराब झालं होतं, धुताना," मी म्हणालो. हे बाबांचं वाक्य. बाबा गेल्यावर ते माझ्याकडे आलं, हिरकणीसारखंच. बबी म्हणाली, "असू दे. मला आठवते ती. माझे केस विंचरायची. मागून तिचा श्वास लागायचा मानेला." हे ती नेहमी सांगते. सांगताना तिची मान आपोआप जराशी पुढं झुकते.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या डॉक्टरकडे गेलो. गुणी आहे, पण म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत अजून टोकावरच बसतो. म्हणाला, "सरांनी चालू केलीय ना, मग काहीतरी विचार असेलच." कसला विचार? "ते सरांनाच माहीत." अरे पण सर गेले! त्यानं खांदे पाडले आणि कागदावर तीच गोळी परत लिहिली. दर महिन्याला तो तेच लिहीत आलाय. मला हसावं की रडावं कळेना. एका माणसानं एकदा काही ठरवलं, आणि मागून येणारा प्रत्येक जण नुसतं गिरवतोय. काच अशी गिरवली तर वेडीवाकडी फुटते. मग बायकोच्या भावाच्या ओळखीनं मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तिथल्या हृदयाच्या डॉक्टरकडे. टायमध्ये जखडलेला माणूस, घाईत, पण त्यानं जुने कागद चाळले आणि भुवया वर गेल्या. "इतकी वर्षं? प्लास्टरमुळं झालेली गुठळी ना ही? कारण समोर दिसतंय, पाय बांधून ठेवला म्हणून झाली. याला बहुतेक वेळा काही महिने पुरतात. कुणी चालू ठेवली?" मी म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. "असतात जुने लोक घाबरट," तो म्हणाला. "या वयात उगाच गोळी घेण्यातही धोका असतो. पडलात, डोक्याला लागलं तर आत रक्तस्राव होईल. मला विचाराल तर बंद करता येईल. पण एकदा रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा, ते पक्कं सांगतील."

बाहेर आलो तेव्हा मी रस्त्यावर उभाच राहिलो. बंद करता येईल! मला पंख फुटल्यासारखं व्हायला हवं होतं, झालंही, पण त्याच्याबरोबर असा संताप आला की कानशिलं तापली. घाबरट. एवढी वर्षं त्या घाबरटपणापायी माझ्या हातातली हिरकणी गेली, दाढ सडत राहिली, नातेवाइकांच्या सहलीत मी कडेला बसलो, का, तर पडलो तर! दुकानात येऊन मी डॉक्टरांचा फोटो उचलला आणि पालथा घातला. जन्मात पहिल्यांदा कुणाला पालथं घातलं. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का होता, तो बघत बसलो. बरं वाटेल असं वाटलं होतं. उलट पाठमोरा माणूस जास्त वेळ दुकानात आहेसं वाटायला लागलं. बायको चहा घेऊन आली, तिनं टेबलाकडे बघितलं, कप ठेवला आणि आत गेली. रात्री जेवताना म्हणाली, "एकजण म्हणतो चालू ठेवा, एकजण म्हणतो बंद करा. आता तिसऱ्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐका. तुमच्या मनासारखं सांगणारा सापडेपर्यंत हिंडू नका." बायको कमी बोलते, पण बोलली की माणसाला घास गिळता येत नाही.

रक्ताच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई निघाल्या. सर्दी झालेली, नाक लाल, टेबलावर रुमालांचा ढीग. मला आवडल्या, कारण त्यांनी कागदांच्या आधी मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" मी म्हटलं, "मला काच कापायचीय." त्या हसल्या, शिंकल्या, आणि मग एकेक विचारायला लागल्या. याआधी कधी गुठळी? नाही. यानंतर? नाही. भावंडं? एक बहीण, ठणठणीत. वडील? म्हातारे होऊन गेले. "आणि आई?" "आई मी लहान असताना गेली." "कशानं?" "तापानं," मी म्हणालो. विचार करावा लागलाच नाही. हे उत्तर शाळेच्या बाकावर दिलंय मी, बायको बघायला गेलो तेव्हा तिच्या घरी दिलंय, बबीला हजार वेळा दिलंय. "घरात अचानक कुणी गेलंय? कुणाला बाळंतपणात त्रास? नक्की नाही ना?" "नक्की," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "मग एवढं भिण्याचं कारण नाही. पायाची तपासणी करू, रक्ताच्या चाचण्या करू, ठीक आलं तर बंद करून बघू. मात्र मी म्हणेपर्यंत एकही चुकवायची नाही." म्हणजे परत आलं ते! पण त्या हसत म्हणाल्या, आणि त्या जिवंत होत्या, त्यामुळं मला राग आला नाही.

जिना उतरताना वाटलं, काहीतरी विसरलोय. छत्री? चष्मा? दोन्ही होतं. ताप, मी मनात म्हटलं. कुठला ताप? आईला ताप आलाच नव्हता. आई गेली तेव्हा बबी जेमतेम दहा-बारा दिवसांची होती. पण ते आमच्या घरात झालंच नाही. झालं होतं, आणि मग बाबांनी ते पुढं सरकवलं. बाळंतपणासाठी आलेली आत्या कायमची राहिली, गल्ली बदलली, दुकान इकडे आणलं, आणि नव्या गल्लीत कुणी विचारलं की बाबा सांगायचे, मुलगी अडीच वर्षांची असताना हिची आई तापानं गेली. मला एकदा समोर बसवून म्हणाले होते, "पोरीला कळता कामा नये. कुणीतरी तिला म्हणेल, तुझ्यापायी गेली. जन्मभर तिच्या मानेवर बसेल ते. तू मोठा भाऊ ना? मग आई तापानं गेली. म्हण." मी म्हटलं. म्हणता म्हणता खरंच मला कधी कधी तो ताप आठवतो, कपाळावरची पट्टी वगैरे. माणसाचं डोकं म्हणजे काय कारखाना आहे! पण जाऊ दे, जिना उतरताना मी स्वतःला म्हटलं, बाई विचारत होत्या रक्ताचं. आईचं हृदय बंद पडलं होतं, असं आत्या एकदा कुजबुजली होती. हृदयाचा आणि पायाचा काय संबंध? आणि मी बसमध्ये चढलो.

त्या संध्याकाळी मी कपाटात हात घातला आणि हिरकणी शोधून काढली. साड्यांच्या खाली होती. आता हा आगाऊपणा, मला कळत होतं, गोळी काही बंद झाली नव्हती. पण डॉक्टरांची फ्रेम उद्या द्यायची होती आणि त्यांची काच मला स्वतः कापायची होती. सूड म्हणा. मी त्यांना परत उताणं केलं. बघा म्हटलं, बघा आता. काच टेबलावर घातली, पुसली, गुण्या लावला. हिरकणी टेकवली आणि ओढली. कर्र. काय तो आवाज! अंगातून गेला. तेवढ्यात आतल्या घरातून बायकोचा ओरडा आला, "अहो! काय करताय?" आणि बोळातून ती धावत यायला लागली. चटक, फटक. चटक, फटक. चटक, फटक. माझे अंगठे काचेवर होते, ते दाबले गेले, काच रेघ सोडून भलतीकडेच फुटली आणि अंगठ्याच्या मुळाशी सर्रकन लागली. बायको दारात उभी. घाईत तिनं एका पायात तिची सपात घातली होती आणि एका पायात माझी.

रक्त वर्तमानपत्रावर पडत होतं. तिनं फडकं दाबून धरलं, हात वर करायला लावला, "मी काय सांगत होते, माझं कधी ऐकलंत का," सगळं म्हणून झालं तिचं. मी तिच्या पायांकडे बघत होतो. जुनं घर, लांबट खोली, फरशी. पहाटेचं, उजाडायच्या आधीचं. मी अंथरुणात, पांघरूण नाकापर्यंत. आणि खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत आई चालतेय. एका पायात तिची लाल पट्ट्याची सपात, दुसऱ्या पायात बाबांची. कारण एक पाय सुजलाय, तिची सपात त्यात जात नाही. दोन दिवस सांगतेय पाय भरून आलाय म्हणून. डॉक्टर येऊन गेलेत, तेव्हा तरुण होते ते, काळी बॅग, काळे केस, आणि म्हणालेत, थकवा आहे, होईल कमी. चटक, फटक. मग मधेच आवाज थांबला. आई भिंतीला टेकली. "अहो, श्वास," एवढंच म्हणाली. मग बाबा, दिवा, आत्या, आणि कुणीतरी मला उचलून शेजारी नेलं. शेजारच्या खिडकीतून मी बघितलं, डॉक्टर आमच्या पायरीवर बसलेत. बॅग बाजूला, आणि हातात आईची ती लाल पट्ट्याची सपात. ती कशाला हातात घेतली असेल त्यांनी? मी इतकी वर्षं हे चित्र बाळगून आहे आणि मला कधी वाटलंच नाही की याला काही अर्थ असेल. पायातली गुठळी सुटून वर जाते. हे मला माझ्याच वेळी हॉस्पिटलात चित्र काढून समजावलं होतं. माझ्याच वेळी! आणि मी मान डोलावत होतो.

डॉक्टरांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर माझ्या रक्ताचा एक थेंब उडाला होता, तो मी बोटानं पुसला. तुम्हाला माहीत होतं. मी दोन तऱ्हेच्या सपाता घालून तुमच्या दारात उभा राहिलो आणि तुम्हाला माझी आई दिसली. सांगावं तर बाबांनी तुमच्याकडूनही घेतलेला असणार तो शब्द, न सांगावं तर माझा जीव. म्हणून मग मी सांगेपर्यंत. आणि सांगवलंच नाही तुम्हाला, नुसते बायकोला विचारत राहिलात, फ्रेमवाला गोळी घेतो ना. मला त्यांची दया आली, आणि त्याच दमात इतका राग आला की रडू फुटलं. अहो, माझ्या एकट्याची काळजी करून कसं भागेल? तेच रक्त बबीत आहे. बबीची पोर सहाव्या महिन्यात आहे. तिला कोण गोळी देणार? तिला विचारतील, आजी कशानं गेली, आणि ती म्हणेल, तापानं. न अडखळता म्हणेल, कारण तिला ते आम्हीच शिकवलंय. "काय होतंय तुम्हाला?" बायको घाबरून विचारत होती. "माझी गोळी दे," मी म्हणालो, "आणि चप्पल. बबीकडे जायचंय." तिनं क्षणभर बघितलं. तिला सगळं माहीत आहे, लग्नानंतर तिलाही ते वाक्य शिकवलं होतं. "सांगणार?" म्हणाली. मी मान हलवली. "मग रक्त थांबल्यावर जा," ती म्हणाली, "असे गेलात तर तिला तुमच्या हाताचंच पडेल."

बबीच्या घरी दार उघडंच होतं. भाची खाली बसली होती, बबी मागं पलंगावर, आणि तिचे केस विंचरत होती. मी आधी पोरीच्या पावलांकडे बघितलं. दोन्ही सारखी, थोडी सुजलेली. हुश्श केलं. "मामा, हाताला काय झालं?" "काच लागली." "दादा, गोळी चालू असताना?" बबी ओरडली. "बस आधी. बघ, पोरीला आत्ता हेच सांगत होते, आई माझे अस्से विंचरायची." तिचा हात केसांतून सावकाश खाली येत होता. मी ठरवून आलो होतो, वाटेत जुळवलंही होतं, आणि ते सगळं पार उडालं. त्या हातातून मला काहीतरी काढून घ्यायचं होतं आणि द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी स्टुलावर बसलो. "बबे," म्हणालो, "आई तापानं नाही गेली." ती विंचरतच राहिली. "मग?" "तिचा पाय सुजला होता. माझ्यासारखा. त्यातली गुठळी छातीत गेली. बाळंतपणानंतर होतं तसं. रक्तातच असतं काही घरांच्या. हिला उद्या त्या रक्ताच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं, सुया असतात, वेळेवर दिल्या तर काही होत नाही. काही म्हणजे काही होत नाही." हे सगळं मी एका दमात बोललो, पोरीकडे बघून. पोरीनं हात पोटावर ठेवला. फणी थांबली होती.

"बाळंतपणानंतर," बबी म्हणाली. "कुठल्या?" आईची दोनच बाळंतपणं झाली, हे तिला मोजता येत होतं. "मी किती दिवसांची होते?" "दहा-बारा." बाहेर कुणीतरी मोटार मागं घेत होतं, ते बराच वेळ चाललं. "मग माझे केस?" "आत्या विंचरायची." "आत्याच्या हाताला लसणाचा वास यायचा," बबी म्हणाली. "आईच्या हाताला पण येतो मला आठवतं तेव्हा." आणि तिनं फणीतले केस काढून बोटाभोवती गुंडाळले, परत सोडले, परत गुंडाळले. रडली असती तर बरं झालं असतं. भाची वळून तिच्या गुडघ्याला बिलगली, "आई गं." मला वाटलं, बाबा बरोबर होते, हे तिच्या मानेवर बसलं, आता उतरायचं नाही, आणि ते मी बसवलं. मग बबी म्हणाली, अगदी बारीक आवाजात, लहान होती तेव्हा दिवा मालवल्यावर विचारायची तशी, "दादा, तिनं मला घेतलं होतं का रे? एकदा तरी?"

आणि तेव्हा मला दिसलं. मी आत्तापर्यंत फक्त पाय बघत होतो. ती फरशी, त्या सपाता. नजर वर नेलीच नव्हती. आई रिकामी चालत नव्हती. तिच्या खांद्यावर पांढरं फडकं होतं आणि फडक्यात बबी होती, किरकिरी, रात्रभर न झोपलेली. म्हणून तर ती चालत होती. सुजलेल्या पायात नवऱ्याची सपात अडकवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि तो आवाज सुरू झाला की बबी गप्प व्हायची, थांबला की रडायची. भिंतीला टेकली तेव्हाही तिनं आधी बबीला माझ्या अंथरुणावर ठेवलं होतं, माझ्या शेजारी. "घेतलं होतं," मी म्हणालो. "तुला घेऊनच फिरत होती. शेवटपर्यंत तुलाच घेऊन. मी ऐकत होतो." बबीनं डोळे वर केले. "कसं फिरत होती?" दाराशी तिच्या नवऱ्याच्या सपाता पडल्या होत्या. त्यातली एक मी पायात घातली, दुसऱ्या पायात दारात काढलेली माझी चप्पल अडकवली, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं. चटक, फटक. चटक, फटक. भाची बघत होती. बबीनं डोळे मिटले होते आणि तिची मान जराशी पुढं झुकली होती. मी भिंतीशी पोचून थांबलो.

"थांबू नकोस," बबी म्हणाली.